स्टूल नऊ वेळा येतं

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

जयतीर्थ अण्णांनी सांगितलं आहे की गोष्टी लिहायच्या असतील तर आधी रोजनिशी लिहा. रोज नको, काही घडलं तरच. म्हणून ही वही. काही घडेल असं वाटत नाही.

आज माझी तिसरी बैठक झाली. धारवाडला सुभाष रोडवर वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर आम्ही जमतो. दुसरा आणि चौथा रविवार, चार ते सहा. सगळे मराठीत कथा लिहू पाहणारे, एकूण सात. अण्णा रेल्वे टपाल खात्यातून निवृत्त झालेत. हुबळी स्टेशनात छत्तीस वर्षं त्यांनी पत्रं गावोगावच्या खणांत टाकली. तिथली मोडीत निघालेली खणांची लाकडी चौकट त्यांनी आणून इथं भिंतीला ठोकली आहे. प्रत्येकाला एक खण. माझा चौथा.

पद्धत अशी आहे. आपल्या गोष्टीची प्रत पाकिटात घालून आणायची. चिठ्ठ्या काढायच्या. ज्याचं पाकीट वाट्याला येईल त्याची गोष्ट घरी नेऊन वाचायची आणि पुढच्या बैठकीला एक निनावी पत्र त्याच्या खणात टाकायचं. पत्रात आवडलेल्या तीन जागा आणि एक प्रश्न. निकाल द्यायचा नाही. "बरी का वाईट ते लिहिणारा आपलं आपण बघतो," अण्णा म्हणतात. "तुम्ही वाचताना कुठं थांबलात तेवढं सांगा." निनावी अशासाठी की आपल्याकडे सगळे एकमेकांचे पाहुणे. नाव आलं की गोष्ट बाजूला राहते आणि पाहुणचार सुरू होतो.

प्रभंजन विमा कंपनीत आहे. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून तो डाव्या हातानं लिहितो. आज श्रीकांत काकांनी एक पत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "हे ज्यानं लिहिलंय त्यानं येऊन वाचून दाखवावं." प्रभंजन लगेच उठला.

मी टाइप करून प्रिंट काढते.

माणसं सात, खुर्च्या सात. माझ्या शेजारच्या खुर्चीवर लॅपटॉपची बॅग असते, कारण फरशी पुसलेली ओली असते. कमळाबाई दाराशी उभ्या राहतात. सवय आहे म्हणाल्या. त्या हुबळीत एका दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात आया होत्या, एकतीस वर्षं. बाकीचे त्यांना कमळाक्का म्हणतात. ओळख नसताना अक्का म्हणणं मला जमत नाही.

माझी गोष्ट पाकिटात घालून दिली. तेवीसशे शब्द. दुकानाच्या वाटणीची.

२३ नोव्हेंबर, रविवार

माझ्या खणात पत्र होतं. लांब वहीचा फाडलेला कागद, निळं पेन, गोल अक्षर, प्रत्येक अक्षर सुटं. उतरवून ठेवते:

"पान दोनवर आजोबा चष्मा पुसतात आणि न घालता परत ठेवतात, ते आवडलं. पान पाचवर धाकटा भाऊ मोठ्याच्या आधी उठत नाही, ते आवडलं. शेवटी किल्ल्यांचा जुडगा कुणीच हातात घेत नाही, तिथं मी थांबले. प्रश्न: पान चार ते सात पाच माणसं बसून बोलतात. तीनदा चहा येतो. चहा कोण आणतं?"

तीन निरीक्षणं बरोबर आहेत. प्रश्न अप्रस्तुत. गोष्ट वाटणीची आहे, चहाची नाही.

आज चिठ्ठीत मला कमळाबाई आल्या. पाकीट जाड आहे. हातानं लिहिलेल्या पानांच्या झेरॉक्स प्रती, पुसट.

घरी आईनं विचारलं, कोण कोण येतं तिथं. नावं सांगितली. "कमळाबाई म्हणजे कुणाच्यातल्या?" मी म्हटलं, माहीत नाही. माहीत होतं. फोनवर त्या बोलणं 'जय भीम' म्हणून संपवतात. आईनं पुन्हा विचारलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

सोमवारपासून ग्राहकाचं ऑडिट. धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात व्हॉल्व्हचे भाग बनतात आणि ते मोजून पास करणं हे माझ्या विभागाचं काम. आज मशीन नऊच्या तक्त्यात आकडे संशयास्पद वाटले. दहाच्या दहा भागांचा व्यास एकसारखा, शेवटच्या अंकापर्यंत. असं कधी होत नाही. ऑपरेटर प्रसादला बोलावलं. आधी नाही नाही म्हणाला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्हीच मोजून बघा की. माल चांगलाच निघतोय."

मोजला. माल खरंच चांगला होता.

त्याला सांगितलं की माल चांगला असणं हा मुद्दा नाही. न मोजता आकडा भरला म्हणजे तो आकडा खोटा, मग तो बरोबर का असेना. लेखी ताकीद दिली. सही करताना त्याचे कान लाल झाले होते.

कंपनीच्या बसमध्ये मधुवंतीची नवी गोष्ट फोनवर वाचली. ती कॉलेजात शिकवते. माझ्या वाट्याची नव्हती, सहज पाठवली होती. बावीस पानं. चांगली आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

उद्या बैठक. पत्र व्हायचं आहे. पहिल्या दोन पत्रांना मला प्रत्येकी सत्तर मिनिटं लागली होती. वेळ कमी करायचा म्हणून एक साचा तयार केला: कुठल्याही गोष्टीला लागू पडतील अशी आवडीची बारा वाक्यं आणि सहा प्रश्न. ती पाडायला फार विचार लागला नाही. मासिकांत येणारी परीक्षणं पाहिली तर वाक्यं तीच तीच असतात.

कमळाबाईंसाठी २, ७ आणि ११ घेतली. "वातावरण डोळ्यांसमोर उभं राहतं." "माणसं बोलतात तशीच वाटतात." "शेवट मनात रेंगाळतो; आहे तसाच ठेवा, एक शब्दही बदलू नका." प्रश्न ४: "ही गोष्ट सुचली कशी?"

नऊ मिनिटं लागली. पाकीट उघडायचं राहिलं. ऑडिट झालं की वाचेन.

१४ डिसेंबर, रविवार

कमळाबाईंनी पत्र उभ्यानंच उघडलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ओठ हलत होते. मग चौघडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि वर चेन लावली.

"काय आलंय अक्का?" प्रभंजननं विचारलं.

"तुझ्यासारखं नाही आलं. छापील आलंय. माझ्या नावानं छापील कागद आजपर्यंत दोनच आले. एक नेमणुकीचा, एक रिटायर झाल्याचा."

सगळे हसले. मीही हसले.

कमळाबाईंनी ऑडिटचं विचारलं. तारखा त्यांच्या लक्षात होत्या. मी कधी सांगितल्या ते आठवत नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

ऑडिट संपलं. शून्य त्रुटी.

पाकीट अजून टेबलावर आहे. आता वाचून उपयोग नाही, पत्र गेलं.

२८ डिसेंबर, रविवार

सगळं क्रमानं लिहायचं आहे.

पंचवीस जानेवारीला आमचं वर्षाचं वाचन असतं. बाहेरची माणसं येतात, वीस-पंचवीस. एकाच सभासदाची गोष्ट वाचली जाते. अण्णांनी विचारलं, यंदा कोण. दोन बैठकांमागे याच प्रश्नाला कमळाबाई "अय्यो, आम्ही कुठलं" म्हणाल्या होत्या. आज त्यांनी हात वर केला. वर्गात करतात तसा, सरळ.

म्हणाल्या, "माझी घ्या. आता पुरी झाली."

"पुरी नव्हती होय?" अण्णा म्हणाले.

"शेवटची दोन पानं वेगळी होती. त्यांची लाज वाटायची मला. म्हणून झेरॉक्स चौदाच पानांची काढली. म्हटलं, वाचणाऱ्याला काही कमी वाटलं तर विचारील. आणि पत्रात काय आलं? शेवट आहे तसाच ठेवा, एक शब्द बदलू नका. म्हटलं, सुटलो! ती दोन पानं घातली हंड्याखाली. पाणी झकास तापलं त्या दिवशी."

सगळे हसले. मधुवंती म्हणाली, "बघा, चांगला वाचक भेटला की असं होतं."

परत येताना मी मुद्दाम नंतरची बस घेतली. कमळाबाई हुबळीच्याच. एकाच बसला त्या असत्या.

घरी येऊन पाकीट उघडलं. पस्तीस दिवसांनी.

२९ डिसेंबर, सोमवार

कामावर गेले नाही. बरं नाही असं कळवलं. सकाळी दोनदा वाचली.

गोष्ट अशी आहे. रखमा वॉर्डात आया आहे. जन्मलेलं बाळ पुसून, दंडाला पट्टी बांधून, बाहेर नातेवाइकांना दाखवायला नेणं हे तिचं काम. तिची स्वतःची मुलगी त्याच वॉर्डात बाळंत होते आणि रखमाची कामाची पाळी चालू असते. आई म्हणून आत बसायचं तर रजा हवी. रजा मिळालेली नाही. ती दिवसभर दुसऱ्यांची बाळं बाहेर नेते आणि प्रत्येक खेपेला आपल्या मुलीच्या पडद्यावरून जाते. चौदाव्या पानाच्या तळाशी: "तिनं पडद्याला हात लावला." तिथं प्रत संपते.

चांगली आहे का, हे मी लिहिणार नाही. निकाल द्यायचा नाही असा नियम आहे. मी कुठं थांबले ते लिहिते.

वॉर्डाबाहेर एक स्टूल आहे. सिस्टरांचं. त्याच्यावर मागून रंगानं 'स्टाफ' लिहिलंय. ते सारखं येतं. रखमा त्याला वळसा घालते. त्याच्यावर टॉवेल ठेवते, उचलते. कुणी पाहुणा त्याच्यावर बसतो आणि तिला बाळ वर धरायला सांगतो. मी पेन्सिलनं खुणा केल्या. स्टूल नऊ वेळा येतं. नऊही वेळा रखमा उभी आहे.

जो भाग यंत्राच्या चित्रात नऊ वेळा दाखवलाय, त्याच्यावर कुठंतरी भार येणार असतो. नाहीतर तो काढलाच नसता. चौदा पानांत भार येत नाही. म्हणजे तो पंधराव्या किंवा सोळाव्या पानावर येत होता. हे समजायला साहित्य कळावं लागत नाही. वाचावं लागतं.

"एक शब्दही बदलू नका."

आणखी एक. अक्षर गोल आहे, प्रत्येक अक्षर सुटं. बाळाच्या पट्टीवर नाव लिहावं तसं. माझ्या गोष्टीवरचं पत्र काढून शेजारी ठेवलं. तेच अक्षर. त्यांनी माझी सातही पानं वाचली होती, चष्म्यापर्यंत.

३ जानेवारी २०२६, शनिवार

या वहीत मागं जाऊन मीच लिहिलेलं वाचलं. न मोजता आकडा भरला म्हणजे तो खोटा. त्याच आठवड्यात.

कारण म्हणून 'ऑडिट' लिहिलं आहे. तपासून पाहिलं. तोवर वाट्याला आलेली पाकिटं तीन. श्रीकांत काकांची गोष्ट दोनदा वाचली. प्रभंजनची दोनदा, आणि ती वाईट होती. मधुवंतीची वाट्याची नसताना बावीस पानं, ऑडिटच्या आदल्याच आठवड्यात. म्हणजे वेळ होता. झेरॉक्स पुसट होती हेही कारण नाही. पाकीट न उघडता, तोंडातून डोकावणाऱ्या एका पानाच्या कडेवरून ती पुसट आहे हे मी ठरवलं होतं.

एकाच पाकिटात वाचण्यासारखं काही नसणार असं मी धरून चालले. का धरलं, त्याचं उत्तर मला येतं. ते इथं लिहायला हात होत नाही. तेवीस नोव्हेंबरच्या नोंदीत आईला दिलेलं उत्तर आहे, तिथं ते आहे.

६ जानेवारी, मंगळवार

उपाय सापडला. आणखी एक निनावी पत्र टाकायचं, खरं. त्यात स्टूलचं सगळं लिहायचं आणि प्रश्न विचारायचा: रखमा कधी बसते? त्या शेवट पुन्हा लिहितील. पहिलं पत्र कुणाचं हे कुणाला कळायची गरज नाही. नुकसान भरून निघेल.

टाइप नको. हातानं, मोठ्या अक्षरांत लिहिलं. एक तास पन्नास मिनिटं.

११ जानेवारी, रविवार

उपाय चालला नाही.

साडेतीनलाच जाऊन पत्र त्यांच्या खणात टाकलं. कमळाबाई आल्या तर खणात दोन पत्रं. त्यांनी दोन्ही उघडली. एक दुसऱ्या गोष्टीवरचं होतं, ते बाजूला ठेवलं, माझं वाचलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"हे बघा," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "एक म्हणतो शेवट हलवू नका. दुसरा म्हणतो शेवट झालाच नाही, बाई बसली पाहिजे. आता मी कुणाचं ऐकू?"

"दोन डॉक्टर, दोन गोळ्या," प्रभंजन म्हणाला.

"मी पहिल्याचं ऐकणार. पहिला छापील आहे. एवढा खर्च करून कुणी खोटं लिहील काय? हा दुसरा जळतोय कुणीतरी." माझं पत्र त्यांनी घडी न घालता खणात परत सारलं. छापील मात्र पर्सच्या कप्प्यातून काढून पाहिलं. घडीवर ते फाटायला आलंय. चिकटपट्टी लावली आहे.

सगळे निघताना अण्णांनी मला थांबवलं. ते चौकटीकडे पाहत होते.

"आज सात माणसांची आठ पत्रं आली."

मी बॅगेची चेन लावत राहिले.

"मोजायची सवय जात नाही बघ. छत्तीस वर्षांची आहे."

मग मी सांगितलं. साचा, नऊ मिनिटं, पाकीट, सगळं. तीन-चार मिनिटांत संपलं. ते खुर्चीवर टेकले.

"वैशाली, मी आयुष्यभर पत्रं खणात टाकली. लाखानं असतील. एकही उघडून वाचलं नाही, कारण ती माझी नव्हती. तुला वाचायलाच दिलं होतं. वाचायला दिलेलं न वाचता खणात टाकणारी तू पहिली."

"तुम्ही त्यांना सांगाल का?"

"मी? का बरं?"

"नियम निनावीचा आहे."

"नियम लाजणाऱ्यांसाठी केला होता. लपणाऱ्यांसाठी नाही." मग म्हणाले, "चौदा दिवस आहेत. ती त्या कागदाच्या जोरावर हात वर करून उभी राहिलीय, एवढं लक्षात ठेव. कागद काढून घेतलास तर हात खाली येईल. नाही काढलास तर पंचवीस माणसांसमोर अर्धी गोष्ट वाचली जाईल. आता तूच बघ."

१२ जानेवारी, सोमवार

दोन्ही बाजू लिहून काढल्या. सांगितलं नाही तर: गोष्ट अपुरी राहते, त्यांना कळत नाही, टाळ्या पडतात. सांगितलं तर: त्या लिहिणं सोडतील. वय अठ्ठावन्न. पुन्हा हात वर करतील असं वाटत नाही.

पहिल्या रकान्याच्या खाली आणखी एक ओळ होती. मला कुणी काही म्हणत नाही. ती ओळ दिसल्यावर तो रकाना खोडला.

१८ जानेवारी, रविवार

गेले. कमळाबाईंचं घर, स्टेशनच्या पलीकडे. आमच्या केशवापूरहून चालत बावीस मिनिटं. इतकं जवळ असेल असं कधी वाटलं नव्हतं.

दोन खोल्या, बाहेर पाण्याचा हंडा, खाली राख. मी राखेकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "अय्यो, मॅडम! घर कसं सापडलं?" म्हणत त्यांनी खुर्ची पुढं केली, पदरानं पुसून. मी बसले. त्या उभ्याच. "बसा ना" म्हणायला हवं होतं. त्यांच्याच घरात ते म्हणायचा मला काय अधिकार, असं वाटलं, आणि नाही म्हटलं.

मुलगा संघपाल आत होता. चहाची तयारी चालल्याचा आवाज येत होता.

मी सांगितलं. "कमळाबाई, ते छापील पत्र मी लिहिलं होतं."

त्यांचा चेहरा उजळला. आजच्या दिवसातलं सगळ्यात वाईट ते होतं. "तरीच! म्हटलं, एवढं शुद्ध कोण..."

"मी गोष्ट वाचली नव्हती."

"म्हणजे? अर्धी?"

"एक पानही नाही. पाकीट उघडलं नव्हतं. ती वाक्यं कुणालाही चालतील अशी आधी करून ठेवली होती. तीन उचलली."

संघपाल कप घेऊन दारात आला होता. त्यानं ऐकलं. "आई, ही..." म्हणाला.

"संघ्या, कप ठेव आणि आत जा."

तो गेला. कारणं द्यायची नाहीत असं मी घरून ठरवून निघाले होते. तरी तोंडातून "ऑडिट होतं" निघालंच.

"आणि बाकीच्यांच्या? वाचल्या नव्हत्या?"

"वाचल्या."

"हं," त्या म्हणाल्या.

आणखी काही विचारलं नाही. तो 'हं' आवाज चढवून नव्हता. आश्चर्यही नव्हतं त्यात. जुनी, नेहमीची वस्तू नेहमीच्या जागी मिळावी तसा होता.

त्यांनी पर्स आणली. चेन काढली, कागद उलगडला, एकदा पाहिला. मला वाटलं फाडतील. माझ्या हातात दिला.

"मॅडम, तुमच्या कारखान्यात काही मोडलं तर काय करता?"

"काय मोडलं, कुणी, कसं, ते सगळं लिहून काढतो. मग दुरुस्त करतो."

"दुरुस्त मी करणार. लिहून तू काढ."

त्या 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या.

"आता तरी वाचलीस?"

"तीनदा."

"मग ते हातानं लिहिलेलं दुसरं पत्रही तुझंच. जळतोय म्हटलं मी." पहिल्यांदा जराशा हसल्या, पण माझ्याकडे पाहून नाही. "बाई बसली पाहिजे, असं कशावरून म्हणतेस?"

"स्टूल नऊ वेळा येतं."

"दहा."

"मी खुणा केल्यात. नऊ."

"पहिल्या पानावर झाडूवाली पाय लावून भिंतीशी सरकवते, ते काय आहे? टेबल? मोजायला बसलीस तर नीट मोज." मग म्हणाल्या, "चहा निवला तुझा."

प्यायले. निवलेला होता. उठताना विचारलं, पंचवीस तारखेला गोष्ट असेल ना. "बघू" म्हणाल्या. दारापर्यंत आल्या नाहीत.

घरी येऊन पहिलं पान पाहिलं. दहा आहेत.

२१ जानेवारी, बुधवार

कारखान्यात प्रसादला गाठलं. ताकीद मागं घेता येत नाही, ती नोंदली गेली आहे आणि बरोबरही होती. फक्त सांगितलं की मीही तसंच केलं, दुसरीकडे. तो गोंधळला. "मग तुम्हाला कुणी लिहून दिलं, मॅडम?" विचारलं त्यानं. मी म्हटलं, अजून नाही.

२५ जानेवारी, रविवार

कमळाबाई येतील की नाही हे पावणेपाचपर्यंत माहीत नव्हतं. वाचन पाचला. माणसं जिन्यापर्यंत. अण्णा सारखे चौकट पुसत होते.

आल्या. सोबत संघपाल. हातात पाकीट.

वर्षाच्या वाचनात लेखकानं स्वतः वाचायचं नसतं. आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून कानावर पडली पाहिजे, असं अण्णांचं म्हणणं. वाचणारा लेखकानं निवडायचा. मधुवंतीचा आवाज चांगला आहे. तिनं वाचायचा चष्माही पर्समधून काढून ठेवला होता तयारीत. कमळाबाई म्हणाल्या, "वैशाली वाचेल."

मी उठले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बॅग होती. फरशी कोरडी होती. गेल्या प्रत्येक बैठकीला ती कोरडीच होती, असं मला वाटतं. मी कधी हात लावून पाहिलं नव्हतं. बॅग खाली ठेवली. कमळाबाई आल्या आणि त्या खुर्चीवर बसल्या. मी सात बैठका त्यांना उभं ठेवलं होतं.

पाकिटात सोळा पानं. शेवटची दोन नव्या शाईची. मला आधी दाखवली नव्हती.

वाचलं. तीनदा वाचलेली चौदा पानं तोंडानं वाचताना वेगळी लागतात. झाडूवालीपाशी मी थांबले, आणि खालून कमळाबाईंचं बारीक "हं" आलं.

चौदाव्या पानानंतर काय आहे ते मला माहीत नव्हतं. सगळ्यांसमोर पहिल्यांदा वाचलं. रखमा पडद्याला हात लावते. मग हात काढते. मागं येते. मला वाटलं, ती आता बसणार. ती बसत नाही. ती स्टूल उचलते, काखेत धरते आणि पडद्याआड घेऊन जाते. मुलीच्या उशाशी ठेवते. बाळाच्या दंडाला पट्टी बांधते, स्वतःच्या अक्षरात. आणि मग बसते. बाहेरून सिस्टर ओरडते, "स्टूल कुणी नेलं गं?" पुन्हा ओरडते. रखमा ओ देत नाही.

तिथं संपते.

कुणीतरी मागं हसलं, आणि त्याचं हसणं मधेच अडकलं. मग टाळ्या. मी पानं सरळ करत उभी राहिले. बसायला माझी खुर्ची होती, पण मला बसवेना.

गर्दी पांगल्यावर आम्ही सात आणि संघपाल राहिलो. प्रभंजन म्हणाला, "अक्का, आता तरी सांगा, ते छापील पत्र कुणाचं? त्याचं ऐकलं असतं तर हे बुडालं असतं की हो!"

"निनावी असतं बाबा," कमळाबाई म्हणाल्या. "नियम आहे."

संघपाल माझ्याकडे पाहत होता.

"माझं होतं," मी म्हटलं. "गोष्ट न वाचता लिहिलं होतं. एकट्या त्यांचीच वाचली नव्हती."

मधुवंतीनं खाली पाहिलं. श्रीकांत काकांनी "असं कसं" म्हटलं. मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही.

"झालं की आता," कमळाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "घसा सुकला सगळ्यांचा. जा, चहा घेऊन ये."

खाली जाऊन आणला. आठ कप, ताट तिरकं झालं आणि एक सांडला. परत जाऊन तो भरून आणला. मला चहा द्यायला जमत नाही हे सगळ्यांना दिसत होतं.

"कमळाक्का, घ्या," मी म्हटलं.

त्यांनी कप घेतला. अक्का ऐकल्याचं काही दाखवलं नाही.

२६ जानेवारी, सोमवार

सुटी. माझी गोष्ट काढली. पान चार. पाच माणसं बसून बोलतात. चहा कोण आणतं?

गोष्टीतलं घर आमचंच आहे. वाटणी झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. चहा आणणारी बाई मला दिसते. हिरव्या बांगड्या, उजव्या हाताला भाजल्याचा डाग, ताट ठेवून दाराशी उभी. आमच्याकडे बारा वर्षं होती. नाव आठवेना. आईला विचारलं.

आई भाजी निवडत होती. "कशाला हवंय आता?"

"गोष्टीत घालायचंय."

तिनं बराच वेळ आठवून पाहिलं. "आपण नुसतं बाई म्हणायचो तिला," म्हणाली. मग वडिलांना, अप्पांना, हाक मारून विचारलं. अप्पांनाही आठवेना.

पानावर नावाची जागा सोडली आहे. दुसरं कुठलं तरी नाव घालता आलं असतं. गोष्ट आहे, चालतं. पण तो आकडा न मोजता भरल्यासारखा होईल.

उद्या जुन्या घराच्या गल्लीत जाऊन विचारायचं आहे.